भोपाळचे पत्र

माझ्यासमोर एक वही आहे. खाकी कव्हर, त्यावर चिकटवलेली पांढरी चिठ्ठी, चिठ्ठीवर 'पाठ टाचण' आणि खाली वर्ष, 2007-08. वही आर्वीच्या एका बाईंची आहे. तेव्हा त्या बारावी होऊन डी.एड.च्या पहिल्या वर्षाला होत्या. प्रत्येक पाठाला दोन पाने. डावीकडे घटक, उपघटक, उद्दिष्टे. उजवीकडे प्रस्तावना, हेतुकथन, विषय विवेचन, संकलन, उपयोजन, गृहपाठ आणि फलकलेखनाची छोटी चौकट. समासात मार्गदर्शकांची लाल शाई : 'आवाज लहान.' 'फळ्याकडे तोंड करून बोलू नये.' 'चित्र शेवटच्या बाकावरून दिसत नाही.'

हे पाठ त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत घेतले. सकाळी घरून निघायचे, हातात रोल-अप फळा आणि पुठ्ठ्यावर काढलेली चित्रे, काळी-पिवळीत मांडीवर घेऊन बसायचे. वर्गात चौथीची मुले, मागे भिंतीला टेकून निरीक्षण लिहिणाऱ्या चार मैत्रिणी. एक शिक्षक घडतो तो असा, दोन-दोन पानांनी.

या वहीच्या मालकिणीला कॉलेजात जी जागा मिळाली, ती मुळात कुठून आली, याचा शोध घ्यायला मी बसले तेव्हा वाटले होते की एखादा शासन निर्णय सापडेल आणि काम संपेल. सापडली ती वीस वर्षांची कोर्टकचेरी. अध्यापक विद्यालयाला जागा देणारे पत्र भोपाळहून यायचे. परवानगी मुंबईच्या मंत्रालयातून लागायची. परीक्षा पुण्याची परीक्षा परिषद घ्यायची. बी.एड. असेल तर संलग्नता नागपूर विद्यापीठाची. आणि या चौघांत वाद झाला की संस्थाचालकाची फाइल नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठात जायची. आर्वीची मुलगी या सगळ्याच्या शेवटच्या टोकाला उभी असायची.

आर्वी हे कापसाचे गाव. जुन्या गॅझेटियरात तिला तेलंगरावाची आर्वी म्हटले आहे.  इथला कापूस पुलगावला नेण्यासाठी 1917 साली छोटी रेल्वे सुरू झाली. पुलगाव ते आर्वी, पस्तीसेक किलोमीटर. विरूळ, रोहण्याच्या वावरांतून ती इतकी सावकाश जायची, की धावत जाऊन चढता येई. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले, अडते आले, बाजार मोठा झाला. कापसाला भाव होता तोवर कास्तकाराच्या पोराने नोकरीच्या मागे धावावे असे कोणाला फारसे वाटत नव्हते.

मग भाव गेला. 2006 च्या जुलैच्या सुरुवातीला पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या सहा जिल्ह्यांसाठी 3750 कोटींचे पॅकेज जाहीर झाले. त्या सहांत वर्धा होता. त्याच वर्षी, तीनच महिने आधी, 31 मार्च 2006 रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या अध्यापक महाविद्यालयांबद्दल एक निकाल दिला होता. या दोन घटनांचा एकमेकींशी कागदोपत्री काही संबंध नाही. आर्वीच्या घराघरांत मात्र होता. पऱ्हाटीवर भरवसा उरला नाही, तेव्हा बापाने पोरीसाठी जी एक वाट पाहिली ती डी.एड.ची होती. बारावीनंतर दोन वर्षे, मग जिल्हा परिषदेची शाळा. सर्व शिक्षा अभियानामुळे शाळांत माणसे लागत होती. पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून तुटपुंज्या मानधनावर काढायची, पण पुढे कायमची नोकरी. मुलीला डी.एड. केले की लग्नही सोपे, असे लोक उघड बोलत. त्यात लाजण्यासारखे काही नव्हते. ज्या घरात वर्षाचा हिशेब पावसावर, तिथे पहिल्या तारखेच्या पगाराची किंमत बाहेरच्याला कळत नाही.

मागणी वाढली, तसे जागा देणारेही पुढे आले.

खासगी संस्थांची दारे महाराष्ट्रात उघडली ती 1983 साली. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि आपल्या मुलांना कर्नाटकात जाऊन देणग्या द्याव्या लागू नयेत, हे कारण पुढे आले. देणगी इथेही लागायला लागली, म्हणून 1987 मध्ये कॅपिटेशन फी बंदीचा कायदा झाला. डी.एड.कडे त्या काळात फार कोणाचे लक्ष नव्हते. दोन खोल्या आणि एक पाटी एवढ्यावर अध्यापक विद्यालये निघत होती, मान्यता येईल तेव्हा येईल म्हणून प्रवेश दिले जात होते. परीक्षा जवळ आली की संस्था मुलांना पुढे करून उच्च न्यायालयात जायची : दोन वर्षे शिकलेत, आता परीक्षेला तरी बसू द्या. कोर्टाला दया यायची. अंतरिम आदेश व्हायचा.

1992 मध्ये असेच एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, महाराष्ट्र शासन विरुद्ध विकास साहेबराव राऊंदळे. न्यायमूर्ती के. रामस्वामी यांनी ही दयेची वाट बंद केली. मान्यता नसलेल्या संस्थेतल्या विद्यार्थ्यांना परीक्षेला बसवा असा आदेश न्यायालयाने देऊ नये, असे त्यांनी ठरवले आणि सोबत आणखी एक गोष्ट लिहिली. ज्या संस्थेला धड इमारत नाही, धड साहित्य नाही, शिकवणारेही सामान्य वकुबाचे आहेत, तिच्यातून निघालेला शिक्षक मुलांची चौकस बुद्धी मारून टाकतो, अशा आशयाचे. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो. पुढच्या वीस वर्षांतल्या कागदांच्या ढिगात जिथे चौथीच्या वर्गातले मूल दिसते, अशा थोड्या जागांपैकी ती एक आहे.

पुढच्याच वर्षी संसदेने राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचा कायदा केला. एन.सी.टी.ई. नावाने ही परिषद 1973 पासून होती, पण नुसता सल्ला द्यायची. 1993 च्या कायद्याने तिला दात दिले. ऑगस्ट 1995 मध्ये ती नव्या रूपात उभी राहिली. देशाचे चार भाग केले, चार प्रादेशिक समित्या नेमल्या. महाराष्ट्र आला पश्चिम विभागात आणि त्या विभागाचे कार्यालय भोपाळला.

इथून भोपाळच्या पत्राची गोष्ट सुरू होते. कायद्याचे कलम 14 नव्या संस्थेच्या मान्यतेचे, कलम 15 नव्या अभ्यासक्रमाचे आणि वाढीव जागांचे. अर्जासोबत काय काय लागे ते ऐकण्यासारखे आहे. अडीच हजार चौरस मीटर जागा, तीही संस्थेच्या नावावर, म्हणजे सातबारा किंवा नोंदणीकृत दस्त. दीड हजार चौरस मीटर बांधकाम. पाच लाखांची कायम ठेव आणि तीन लाखांचा राखीव निधी. ग्रंथालय, मानसशास्त्राची प्रयोगशाळा, प्राचार्यांसह शिक्षकांची यादी. डी.एड.चे एक युनिट पन्नास जागांचे. पन्नासाच्या शंभर करायच्या तर हेच सगळे पुन्हा, वाढीव मापाने. मग पाहणी पथक यायचे. पथक येणार त्या दिवशी कपाटांत पुस्तके कशी येतात आणि पथक गेल्यावर कुठे जातात, हे तालुक्याच्या गावात लपत नाही. टेम्पो सगळ्यांना दिसतो. मी ज्या संस्थेबद्दल हे ऐकले तिचे नाव घेत नाही. ती एकटी नव्हती, आणि चोख काम करणाऱ्या संस्थाही होत्या.

भोपाळचे पत्र आले की काम झाले असे मात्र नव्हते. राज्य सरकारचे ना हरकत प्रमाणपत्र हवे असे परिषदेच्याच नियमांत होते. दक्षिणेतल्या एका संस्थेने त्याला आव्हान दिले. 2003 मध्ये सेंट जॉन्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा नियम वैध ठरवला. आपल्या भागात किती शिक्षक लागतात, किती बेकार आहेत, हे राज्याला जास्त कळते, तेव्हा त्याचे मत घेण्यात चूक नाही, असे त्यामागचे कारण. साधी, पटणारी गोष्ट आहे. भोपाळच्या टेबलावर बसलेल्या माणसाला आर्वी, आष्टी, कारंजा या तालुक्यांत पुढच्या पाच वर्षांत किती मास्तर निवृत्त होणार आहेत हे कसे कळावे? ते वर्धेच्या जिल्हा परिषदेत बसलेल्या कारकुनाला कळते. त्याच्या सेवाज्येष्ठता यादीत ते लिहिलेले असते.

 पण राज्य सरकारने केले ते वेगळेच. 2004 च्या अखेरीस शासनाने ठरवले की 2005-06 या वर्षासाठी नव्या बी.एड. महाविद्यालयांना परवानगी द्यायचीच नाही. सरसकट. बी.एड. झालेले बेकार हिंडत आहेत, आणखी कशाला, हे कारण खरे होते. निर्णय घेण्याची पद्धत चुकली. कोणत्या जिल्ह्यात गरज आहे, कोणत्या विषयाचे शिक्षक कमी आहेत, कोणती संस्था धड आहे, याचा विचार नाही. गणिताचा मास्तर मिळत नाही म्हणून जिथे शाळा हैराण आहे, तिथेही नाही आणि जिथे गल्लीगल्लीत बी.एड. आहे, तिथेही नाही.

संत ज्ञानेश्वर शिक्षणशास्त्र महाविद्यालय या नावाची संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेली. उच्च न्यायालयाने संस्थेच्या बाजूने निकाल दिला. राज्य सर्वोच्च न्यायालयात गेले. तोच 31 मार्च 2006 चा निकाल, न्यायमूर्ती सी. के. ठक्कर यांनी लिहिलेला.

त्यातला कायद्याचा धागा समजून घेतला पाहिजे, कारण पुढचे सगळे त्याला टांगलेले आहे. घटनेत शिक्षण हा विषय मुळात राज्यांकडे होता. 1976 च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने तो समवर्ती सूचीत गेला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांकडे. पण उच्च शिक्षणाचा दर्जा ठरवणे आणि त्यात ताळमेळ राखणे ही बाब पहिल्यापासून केंद्राच्या सूचीत, 66 व्या नोंदीखाली आहे. संसदेने त्या नोंदीखाली कायदा केला, परिषद नेमली, तिला मान्यतेचा अधिकार दिला. मग त्याच गोष्टीला राज्य पुन्हा 'नाही' म्हणू शकत नाही. राज्याने आपले म्हणणे परिषदेपुढे मांडावे, परिषदेने ते विचारात घ्यावे, पण एकदा तिने मान्यता दिली की राज्याच्या धोरणाचा अडसर चालणार नाही. कलम 14 च्या सहाव्या पोटकलमानुसार विद्यापीठालाही मग संलग्नता द्यावीच लागते. 1995 मध्ये तामिळनाडूच्या अधियमान संस्थेच्या प्रकरणात तंत्रशिक्षणाबद्दल हेच ठरले होते. आता ते शिक्षक-शिक्षणाला लागू झाले.

कायदा म्हणून मला हा निकाल बरोबर वाटतो. दोन दारांवर दोन पहारेकरी बसवले की दोघेही झोपतात आणि दोघेही हात पसरतात, हे महाराष्ट्राने पाहिले होते. मंत्रालयातला 'ना हरकत' हा कागद कोणत्या वाटेने मिळतो हे संस्थाचालकांना विचारावे. तरीही निकालाने एक गोष्ट झाली. शिक्षक किती लागतात, हा प्रश्न कोणाचाच उरला नाही. राज्याने विचारायचा नाही, विद्यापीठाने विचारायचा नाही, आणि ज्याने विचारायचा तो भोपाळला चौरस मीटर मोजतो आहे.

त्यानंतरची दोन वर्षे म्हणजे डी.एड.चा महापूर. तालुक्याच्या गावांत, हमरस्त्याला लागून, कुठे मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर अध्यापक विद्यालयांच्या पाट्या दिसू लागल्या. एका संस्थेत मराठी माध्यमाचे एक युनिट, मग दुसरे, मग उर्दूचे, मग हिंदीचे. शासकीय कोट्याच्या जागा गुणवत्तेने भरत, व्यवस्थापन कोट्याच्या जागांसाठी दोन एकरांतला एक एकर गहाण पडे. वहीच्या मालकिणीची जागा या लाटेतली. त्या शासकीय कोट्यातून लागल्या, हे त्या अजून अभिमानाने सांगतात. आणि तो अभिमान रास्त आहे.

राज्य सरकार भोपाळला पत्रे लिहीत राहिले की महाराष्ट्रात आता नव्या डी.एड. संस्था नकोत. 2008 मध्ये वाद पेटला तो 291 संस्थांच्या मान्यतेवरून. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 2009 च्या विशेष अनुमती याचिकांच्या रूपात तिथे उभे राहिले. शीर्षकात संस्थेच्या नावाची लांबलचक इंग्रजी आद्याक्षरे आहेत. पहिला शब्द तेवढा पूर्ण आहे : राष्ट्रसंत. वर्धा-अमरावतीकडच्या माणसाला तो शब्द वाचल्यावर तुकडोजी महाराजांशिवाय दुसरा कोणी आठवत नाही. वर्धा नदी ओलांडली की पलीकडे त्यांचा मोझरीचा गुरुकुंज. आणि नदीच्या अलीकडे, तेव्हाच्या आर्वी तहसिलीतल्या आष्टीला 16 ऑगस्ट 1942 रोजी, नागपंचमीच्या दिवशी, पोलीस ठाण्यावर गेलेली माणसे तुकडोजींची भजने ऐकून उठली होती. त्या माणसाच्या बिरुदाखाली देशातला शिक्षक-शिक्षणाचा सर्वांत मोठा खटला चालला.

मोठा कशासाठी, तर न्यायालयाने यावेळी संस्था जिंकली की सरकार, एवढ्यावर ते मिटवले नाही. 13 मे 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश देऊन माजी सरन्यायाधीश जगदीश शरण वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. हेच वर्मा पुढे दिल्लीच्या डिसेंबर 2012 मधल्या अत्याचारानंतर नेमलेल्या समितीमुळे घरोघरी माहीत झाले. शिक्षकांच्या प्रश्नावर त्यांनी त्याआधी केलेले काम फार थोड्यांना ठाऊक आहे. महाराष्ट्रातल्या मान्यतेच्या भांडणातून निघालेल्या या आयोगाला काम दिले होते ते देशभराचे : शिक्षक कसा घडवतात, कसा घडवायला हवा, आणि परिषद आपले काम कसे करते.

आयोगाने ऑगस्ट 2012 मध्ये तीन खंडांचा अहवाल दिला. त्यातले चित्र विदारक आहे. सेवेत येण्याआधीचे शिक्षक-शिक्षण देणाऱ्या संस्थांपैकी नव्वद टक्क्यांच्या घरात खासगी. त्यांतल्या कितीतरींत शिक्षण नावाला. पाहण्या कागदी, परिषदेचा कारभार ढिला. आयोगाच्या शिफारशी ठोस होत्या. अभ्यासक्रमांचा कालावधी वाढवा, छात्राध्यापकांना शाळेत जास्त काळ घालवू द्या, सरकारने स्वतः या क्षेत्रात पैसा घालावा, मान्यतेचे निकष नव्याने लिहा. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या शिफारशींच्या आधारे पुढची पावले टाकायला सांगितले. 2014 च्या अखेरीस परिषदेचे नवे विनियम आले, बी.एड. एका वर्षाचे दोन वर्षांचे झाले आणि शाळेतल्या प्रत्यक्ष कामाचे आठवडे वाढून वीसवर गेले.

इथे मला आर्वीपासून पन्नासेक किलोमीटरवरच्या वर्धा शहरात जावेसे वाटते, 1937 च्या ऑक्टोबरात. 22 आणि 23 तारखेला मारवाडी विद्यालयात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिने डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि समितीने त्याच वर्षी डिसेंबरात अहवाल दिला. या परिषदेतून निघालेली नई तालीम म्हणजे टकळी, सूत, मातीकाम एवढेच लोकांच्या लक्षात राहिले. त्या अहवालात शिक्षक तयार करण्याचा वेगळा भाग आहे. शिक्षकासाठी पूर्ण अभ्यासक्रम तीन वर्षांचा, आणि घाई असेल तर तात्पुरता म्हणून एक वर्षाचा. लगेच पुढच्या वर्षी वर्ध्यात विद्यामंदिर प्रशिक्षण शाळा सुरू झाली, सेवाग्रामला हिंदुस्तानी तालीमी संघाचे काम उभे राहिले, आर्यनायकम दांपत्याने त्यासाठी आयुष्य दिले. या जिल्ह्याने तेव्हा जे विचारले होते, तेच पंचाहत्तर वर्षांनी 2012 च्या अहवालात आहे : शिक्षक किती दिवसांत आणि कोणाच्या हाताखाली घडतो? मधल्या काळात आपण न्यायालयात भांडलो ते त्याच्या जागेवर कोणाचा शिक्का असावा, यावर. माझी तक्रार एवढीच आहे, आणि ती संस्था, सरकार, परिषद या तिघांविरुद्धही आहे.

न्यायालयांनी शिस्तीचे काम नेटाने केले, हेही लिहिले पाहिजे. ऑगस्ट-सप्टेंबरात मान्यता, दिवाळीनंतर प्रवेश, मार्चमध्ये परीक्षा, असा प्रकार चालत असे. 13 डिसेंबर 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने माँ वैष्णोदेवी महिला महाविद्यालयाच्या प्रकरणात वेळापत्रकच आखून दिले : शिक्षक-शिक्षणाच्या संस्थेची मान्यता 3 मार्चपर्यंत, विद्यापीठाची संलग्नता 10 मेपर्यंत, त्यानंतरची मान्यता त्या वर्षासाठी धरायची नाही. त्याच दिवशी ठाण्याच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या पार्श्वनाथ ट्रस्ट प्रकरणात तंत्रशिक्षणासाठी असेच वेळापत्रक दिले. ज्या मुलांना 'स्वतःच्या जबाबदारीवर' असे लिहून घेऊन प्रवेश दिले जात आणि पुढे ज्यांचा निकाल राखून ठेवला जाई, त्यांच्यासाठी या तारखा फार मोठी गोष्ट होती. निकाल राखून ठेवणे हे शब्द कागदावर सौम्य दिसतात. घरी त्याचा अर्थ दोन वर्षांची फी, खोलीचे भाडे आणि लग्नाच्या बैठकीत खाली गेलेली मान.

पण तोवर जमीनच सरकली होती. 3 ते 5 ऑक्टोबर 2011 या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली. शाळांच्या हजेरीपटावर असलेली लाखो मुले प्रत्यक्षात नाहीत हे उघड झाले. मुले खोटी म्हणजे तुकड्या खोट्या, तुकड्या खोट्या म्हणजे शिक्षक अतिरिक्त. 2 मे 2012 च्या शासन निर्णयाने शिक्षक भरतीवर बंदी आली. योगायोग असा की शिक्षणसेवकांच्या निवडीसाठीची आधीची सामाईक परीक्षा 2 मे 2010 रोजी झाली होती. त्यानंतर बरोबर दोन वर्षांनी दार बंद झाले. डिसेंबर 2013 मध्ये टी.ई.टी., म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा आली, पुढे अभियोग्यता चाचणी आली, भरतीसाठी पवित्र पोर्टल आले. परीक्षा वाढत गेल्या, जागा निघत नव्हत्या.

वहीच्या मालकिणीने या परीक्षा दिल्या. मधल्या काळात लग्न, मूल, एका खासगी शाळेत दीड हजार रुपयांवर चार वर्षे. आता त्या घरीच शिकवणी घेतात, संध्याकाळी पाच ते आठ. तोच रोल-अप फळा भिंतीला आहे, कडा झिजल्या आहेत. 11 ऑगस्ट 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने देवेश शर्मा प्रकरणात सांगितले की पहिली ते पाचवीला शिकवण्यासाठी बी.एड. चालणार नाही, त्यासाठीची पदविकाच हवी, कारण लहान मुलांना शिकवणे ही वेगळी विद्या आहे. बातमी वाचून त्यांनी मला फोन केला होता. 'म्हणजे आमचंच बरोबर होतं की नाही?' एवढेच विचारले. भरतीच्या वयोमर्यादेबद्दल त्या बोलल्या नाहीत, मीही विचारले नाही.

दरम्यान महाराष्ट्रात अध्यापक विद्यालयांत पन्नासाच्या युनिटला पाच-सात मुले येईनात. ज्यांनी पन्नासाच्या शंभर करून मागितल्या होत्या, त्यांतल्या अनेकांनी आता संस्था बंद करण्याची परवानगी मागितली. बंद करायलाही तेच अर्ज, तेच ठराव, तीच वाट पाहणे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने 2030 पर्यंत शिक्षक होण्यासाठी चार वर्षांची एकात्मिक पदवी हीच किमान पात्रता ठरवली आहे. त्या पदवीच्या तुकड्या कुठे, किती, कोणाला द्यायच्या, यावर पुन्हा अर्ज होतील, पाहण्या होतील. नागपूर खंडपीठाच्या दगडी इमारतीत पुन्हा रिट याचिका दाखल होतील, अनुच्छेद 226 खाली. वकील पुन्हा 66 वी नोंद वाचून दाखवतील.

मागच्या उन्हाळ्यात आम्ही दोघी मिळून त्यांचे जुने कॉलेज पाहायला गेलो. पाटी नव्हती. खालच्या मजल्यावर कृषी सेवा केंद्र होते, बियाण्यांची पाकिटे काचेमागे लावलेली. वरच्या मजल्याच्या पायऱ्यांना कुलूप. गुणपत्रिकेची दुय्यम प्रत हवी असेल तर पुण्याला अर्ज करा, असे दुकानदाराने आपणहून सांगितले. त्याला ते पाठ झाले होते. बरेच जण येऊन विचारतात, म्हणाला.

घरी परत आल्यावर त्यांनी ही वही काढून दिली. शेवटचा पाठ चौथीच्या परिसर अभ्यासाचा आहे, पाण्याची वाफ होते त्याचा. प्रस्तावनेत एक प्रश्न लिहिला आहे : ओले कपडे दोरीवर टाकले तर पाणी कुठे जाते? त्याखाली पेन्सिलीने मुलांची उत्तरे टिपली आहेत, तेव्हाच घाईने, अक्षर वाकडे. 'सूर्य पितो.' 'वारा नेतो.' 'दोरीत जाते.' 'ढगात.' समासात लाल शाईने तीन शब्द आहेत : 'मुले बोलती झाली.'